नानांचं ताट आणि अलिबागचं कोर्ट

आमच्या घरात ज्याचं त्याचं ताट ठरलेलं होतं. नागावच्या वाडीतल्या त्या कौलारू घरात, स्वयंपाकघरातल्या फडताळाच्या खालच्या खणात पितळेची चार ताटं एकावर एक ठेवलेली असत. सगळ्यांत खाली नानांचं, म्हणजे आमच्या वडिलांचं. ते सगळ्यांत रुंद, उंच काठाचं, आणि काठावर त्यांचं नाव कोरलेलं. आईच्या वडिलांनी लग्नात जावयाला म्हणून दिलेलं. त्यावर आईचं, त्यावर माझं, आणि सगळ्यांत वर धाकट्या कुसुमचं, ताटलीएवढंच. पाहुणा आला तर त्याला केळीचं पान. मग तो मामा असो की आत्या. परसात जाऊन पान कापून आणायचं, पुसायचं आणि त्यावर वाढायचं. सणावारी सगळेच पानावर जेवत, तेवढं सोडलं तर घरच्या माणसाला ताट आणि बाहेरच्याला पान, हा नियम कोणी कधी सांगितला नव्हता आणि कोणी कधी मोडलाही नव्हता. एवढ्याशा गोष्टीवरून माझ्या आईचं अन्नवस्त्र बुडालं, आणि ते बुडवणारी साक्ष मी दिली. मी तेव्हा बारा वर्षांची होते.

नाना मुंबईला गोदीत कारकून होते. शिमग्याला आणि गणपतीला येत, येताना खारी बिस्किटांचा पुडा आणि आईला एखादं लुगडं आणत. मग एका वर्षी शिमग्याला आले नाहीत, गणपतीलाही नाहीत. मनिऑर्डर थांबली. पुढच्या वर्षी कळलं की त्यांनी तिथे दुसरं लग्न केलं आहे आणि बिऱ्हाड थाटलं आहे. ही बातमी आमच्या नातेवाइकांपैकी कोणी आणली नाही. ते सगळे लग्नाला जाऊन, जेवून, हात धुऊन आले होते आणि गप्प बसले होते. बातमी आणली मासळीवाल्या चांगुणाने, जिचा भाऊ मुंबईला मासळी घेऊन जात असे. टोपली उतरवून ती ओट्याच्या पायरीवर बसली आणि सरळ म्हणाली, "यमुनाबाय, तुजा नवरा दुसरी करून बसलाय गो. ठाव हाय का तुला?" आई वाल सोलत होती. मोड आलेल्या कडव्या वालांचं साल अंगठ्याने दाबून काढायचं असतं, डाळिंबी अख्खी बाहेर येते. तिने हातातला वाल सोलला, पुढचा घेतला आणि विचारलं, "सुरमई कशी दिलीस?"

लोक म्हणाले, यमुनाबाई दगडाची आहे. दगडाची नव्हती. दोन मुलींना संध्याकाळी काय वाढायचं हा प्रश्न तिच्यापुढे होता, आणि तो कसा सुटायचा ते तिला दिसत नव्हतं, कारण नानांनी तेवढ्यात आणखी एक काम उरकलं होतं. वाडी त्यांच्या नावावर होती. माड, पोफळी, विहीर, सगळी वाडी त्यांनी गावातल्याच एका माणसाला मक्त्याने देऊन टाकली आणि वर्षाची रक्कम आगाऊ घेऊन मुंबई गाठली. घर आणि परसातल्या चार केळी तेवढ्या आमच्याकडे राहिल्या. पहाटे रहाट सुरू होई, त्याचा तो कुरकुर आवाज आणि पाटातून धावणारं पाणी मी जन्मल्यापासून ऐकत होते. आता ते पाणी आमच्या झाडांना जाई पण झाडं आमची नव्हती. अंगणात धप्पकन नारळ पडला की कुसुम धावत सुटे आणि आई तिला दंडाला धरून मागे ओढी. "तो मक्तेदाराचा." पडलेली झाप चुलीत घालायची नाही, पोफळीची गळलेली विरी, म्हणजे पानाचा रुंद देठ, उचलायची नाही. नवऱ्याच्या घरात, सासऱ्याने लावलेल्या माडाखाली, पडलेला नारळ उचलला तर चोरी! चाळीस वर्षं झाली, अजूनही माझ्या घराशेजारी नारळ पडला की मी आधी इकडेतिकडे बघते, आणि मग माझा मलाच राग येतो.

चांगुणाला हे सगळं विचित्रच वाटे. तिचा पहिला नवरा दारू पिऊन मारायचा म्हणून तिने जातीच्या पंचांपुढे त्याला सोडलं होतं. "आमच्यात काय गो, पंच बसतात, गवताची काडी मोडतात, त्याचा डागिना त्याला, माज्या बापाचा डागिना मला. टोपली उचलली न् चालायला लागले." आई म्हणाली, आमच्यात काडीमोड नाही. "न्हाय? मग तुमची काडी लोखंडाची हाय की काय?" असं म्हणून ती मोठ्याने हसली आणि आईही हसली. नाना गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसलेली मी पाहिली. आम्ही चांगुणाच्या टोपलीला हात लागला तर हात धूत होतो. आम्ही वरच्या! वरच्या म्हणजे कशा, तर नवऱ्याने दुसरी करावी, तिसरी करावी, आणि पहिलीने त्याच्या नावाचं कुंकू लावून नारळ पडल्याचा आवाज ऐकत बसावं, अशा वरच्या.

रेवदंड्याला भाऊमामाचं किराणा दुकान होतं. तो आईपेक्षा मोठा, अंगाने बारीक, आणि भांडणाला फार घाबरायचा. पण बहिणीचा प्रश्न म्हटल्यावर त्याने धीर केला आणि आईला अलिबागला वकिलांकडे नेलं. मलाही बरोबर घेतलं, कारण मी मराठी चौथी पास होते आणि आईला कागद वाचून दाखवायला कोणीतरी लागे. वकिलांच्या माडीवर कोळशाच्या इस्त्रीचा आणि जुन्या कागदांचा वास होता. वकीलसाहेब सभ्य होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, त्यांनी दुसरं लग्न केलं ह्याचा कायद्याला काही त्रास नाही. हिंदू पुरुषाला करता येतं. त्यांनी तुम्हाला टाकलं, हे दाखवायला हवं. टाकलं, आणि पोसत नाहीत. मग मॅजिस्ट्रेटसाहेब महिना काहीतरी बांधून देतील."

"दोन वर्षं एक पै नाही," आई म्हणाली. "वाडी मक्त्याने दिली. मला पडका नारळ उचलता येत नाही. ह्याहून आणखी कसं टाकतात?"

"ते खरं. पण त्यांनी कोर्टात सांगितलं की मी नांदवायला तयार आहे, तर तुम्हाला जावं लागेल. मुंबईला. दोघी एका खोलीत."

"मी तिच्या हाताखाली भांडी घासायला जाणार नाही."

"मग त्यांनी तसं म्हणायच्या आत टाकल्याचा पुरावा भक्कम हवा," वकील म्हणाले. "आणि एक लक्षात ठेवा. ते घर सोडू नका. सोडलंत तर म्हणतील, हीच निघून गेली."

अर्ज दाखल झाला, त्यासाठी आईच्या हातातली एक पाटली गेली. तारीख लागली. आणि तारखेच्या आठ दिवस आधी, भर दुपारी, नाना आले.

आगबोटीने रेवसला उतरून पुढे बैलगाडीने आले होते. कोटावर धूळ होती. पण एकटे नव्हते. बरोबर तो मक्तेदार होता. तो कशासाठी, हे तेव्हा आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. तो ओटीवर झोपाळ्यावर बसला, तिथून स्वयंपाकघराचं दार दिसतं. नाना पाय धुऊन आत आले, नेहमीच्या जागी पाट ओढून बसले, जणू कालच बाजारात गेले होते. म्हणाले, "काय केलंयस? वालाचं बिरडं का? वास रस्त्यापर्यंत येतोय."

आता लोक मला विचारतात की तुझ्या आईने त्यांना हाकलून का नाही दिलं. विचारणाऱ्यांनी आमच्या भागातली दुपार पाहिलेली नाही. जेवणवेळेला दारात आलेल्याला, मग तो वैरी का असेना, उपाशी लावायचं ही गोष्ट त्या घरात कोणाच्या हातून होण्यासारखी नव्हती. आई उठली, कोयता घेऊन परसात गेली आणि केळीचं पान कापून आणलं. नानांपुढे मांडलं. त्यांनी पानाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"हे काय? माझं ताट कुठाय?"

"आहे फडताळात."

"मग काढ की."

"ताट माणसाच्या घरात असतं," आई म्हणाली. "तुमचं घर मुंबईला."

मी दारात उभी होते. मला ते वाक्य इतकं आवडलं की मी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.  पानावर भात, बिरडं, सोलाचं सार, तांदळाची भाकरी, सगळं नानांनी सावकाश आणि पोटभर खाल्लं. भात दोनदा मागून घेतला. हात धुतले, कुसुमच्या हातावर एक आणा ठेवला आणि मक्तेदाराला घेऊन निघून गेले. मक्तेदाराला आईने ओटीवरच जेवायला वाढलं, तेही पानावर. दोन पानं सारखीच होती. संध्याकाळी गाईपुढे टाकताना मी ती मोजली आणि मला वाटलं, आईने चांगली जिरवली.

कोर्टात नानांच्या वकिलाने पहिलीच गोष्ट ही मांडली. पती गेल्या आठवड्यात स्वतःच्या घरी गेले, पत्नीने स्वहस्ते रांधून वाढलं, उभयतांत काही वितुष्ट नाही, साक्षीदार हजर आहे. मक्तेदार उभा राहिला आणि शपथेवर म्हणाला, होय, बाईंनी प्रेमाने वाढलं, भात दोनदा वाढला. भात दोनदा! भाऊमामाने मान खाली घातली. आमचे वकील आईजवळ आले, कुजबुजले, तेव्हा तिने पानाची गोष्ट सांगितली, आणि त्यांचा चेहरा उजळला. मग मला बोलावलं.

साहेब घाटावरचे होते, चष्मा, पांढरा फेटा. त्यांनी विचारलं, "मुली, शपथ म्हणजे काय ते कळतं का? खोटं बोललं तर काय होतं?"

मी मक्तेदाराकडे बघून म्हटलं, "ते बघायलाच आलेय."

कोर्टातली माणसं हसली. साहेबही थोडे हसले. मला वाटलं, जिंकलं. आमच्या वकिलांनी मला ताट आणि पान समजावून सांगायला लावलं आणि मी धडाधडा सांगितलं. घरच्याला ताट, पाहुण्याला पान. नानांना पान वाढलं. म्हणजे आईने त्यांना नवरा म्हणून नाही, पाहुणा म्हणून जेवू घातलं. घरात त्यांचं काही उरलेलं नाही. वकील समाधानाने बसले. मग नानांचा वकील उठला. जाडा, मऊ आवाजाचा माणूस. त्याने मला बाळ म्हटलं.

"बाळ, वडिलांचं ताट घरात आहे ना?"

"आहे."

"कोणी आत ठेवलं?"

"आईने."

"वडिलांनी मागितलं होतं का?"

"हो. माझं ताट कुठाय, म्हणाले."

"मग आई काय म्हणाली?"

आणि मी सांगितलं. त्या वाक्याचा मला अभिमान होता. मी ते तिच्यासारख्याच आवाजात, एक शब्द न गाळता म्हटलं. ताट माणसाच्या घरात असतं, तुमचं घर मुंबईला. म्हणून झाल्यावर मी आईकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते. तेव्हा मला काहीतरी कळलं, पण काय ते कळलं नाही.

वकिलाने साहेबांकडे वळून दोन्ही हात पसरले. "पती घरी येतो, आपलं ताट मागतो. पत्नी ते देत नाही. कोणी कोणाला टाकलं, हे मी सांगायला हवं का?"

निकाल त्याच दिवशी लागला. पती नांदवण्यास तयार आहे. पत्नी स्वतःच त्याला परका मानते. दुसरा विवाह हे वेगळं राहण्याचं पुरेसं कारण होत नाही. अर्ज नामंजूर. हे सगळं साहेबांनी शांतपणे, काही राग नाही, द्वेष नाही, असं वाचलं. ज्याने दोन वर्षं पै पाठवली नाही, ज्याने मुलींच्या तोंडचा नारळ विकला, त्याने एक ताट मागितलं की तो नांदवणारा झाला; आणि जिने त्या ताटाखेरीज दुसरं काही अडवलं नव्हतं, ती टाकणारी झाली. मी पुढे बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं. मुलांच्या वहीत यापेक्षा बरा न्याय पाहिला आहे. आता कायदा बदलला आहे, दुसरी करता येत नाही, असं म्हणतात. लोक करतातच, पण निदान साहेबाला असा निकाल वाचून दाखवताना चष्मा तरी पुसावा लागत असेल.

बाहेर आलो तेव्हा उन्हं चढली होती. कोर्टाच्या आवारात सुरूच्या झाडांच्या सावलीत पाच-सहा बायका भाकरीची फडकी सोडून बसल्या होत्या. कोणी रोह्याची, कोणी मुरुडची, कोणी तळा गावाहून चालत आलेली. तारखेला आलेल्या. पुरुष जवळच्या खानावळीत जाऊन जेवत होते. बाईमाणसाला तिथे जायची सोय नव्हती, म्हणून त्या सुकी भाकरी पाण्याबरोबर गिळत होत्या. आम्हीही तिथेच बसलो. मी रडायला लागले. म्हटलं, माझ्यामुळे गेलं. आई म्हणाली, "रडू नकोस. एक शब्द चुकली नाहीस. मी म्हटलं होतं तस्संच म्हणालीस." मग ती त्या बायकांकडे बघत राहिली.  एकीला तिने विचारलं, "इथे गरम भात मिळाला तर किती द्याल?" ती बाई आधी दचकली, मग म्हणाली, "दोन आणे दीन की बाय. आणि मासळीचं आंबाट असंल तर तीन."

नागावला परतायच्या आधी आई पुन्हा वकिलांच्या माडीवर गेली. मी खाली उभी होते, पण तिचा आवाज जिन्यातून येत होता.

"घर सोडलं तर काय जाईल?"

"हक्क जाईल, बाई."

"आहे कुठे?"

आणि लगेच ती जिना उतरून खाली आली. 

महिन्याभरात आम्ही अलिबागला आलो. कोर्टापासून चार पावलांवर एका म्हातारीच्या घराची पडवी भाड्याने मिळाली. भांडी हवी होती. आईने नानांचं ताट कासाराकडे मोडीत नेलं. भाऊमामा म्हणाला, "अगं, त्यावर त्यांचं नाव आहे. उद्या ते दावा करतील." आई म्हणाली, "पैसे माझ्या बापाचे होते. नाव काय, कोरणाऱ्याने सांगितलं ते कोरलं." कासाराने ताट तोललं, वर थोडे पैसे घेतले आणि भाताचा एक मोठा टोप दिला. त्या टोपात पुढे कित्येक वर्षं भात शिजला. आत बायका बसत, काही दिवसांनी पुरुष येऊ लागले ते बाहेर पडवीत. सगळ्यांना केळीचं पान. बिरडं, सोलाचं सार, बाजारात मिळेल ती मासळी. ती चांगुणा आणून देई आणि भाव करताना दोघी कडाडून भांडत. नातेवाईक म्हणाले, यमुनेने घराण्याचं नाक कापलं, रस्त्यावर अन्न विकते. त्यातले दोघे पुढे तारखेला आले तेव्हा जेवून गेले.

नाना आले ते चारेक वर्षांनी. मक्तेदाराने मक्ता दाबून ठेवला होता आणि वाडीवर कुळाचा हक्क सांगितला होता. त्या दाव्याची तारीख होती. केस पांढरे झाले होते. पडवीत बाकीच्या पक्षकारांच्या ओळीत ते शेवटच्या जागी बसले. आईने त्यांना पाहिलं, पान मांडलं, वाढलं. जसं शेजारच्याला वाढलं तसंच, एक शीत कमी नाही, जास्त नाही. ते जेवले. भात पुन्हा मागितला नाही. हात धुऊन आले आणि उभे राहिले. आईने माझ्याकडे पाहिलं.

"तीन आणे," मी म्हटलं.

"बापाकडून पैसे घेतेस, इंदू?"

"घ्यावे लागतात. फुकट वाढलं तर तुम्ही कोर्टात सांगता."

ओळीतला कोणीतरी फिसकन हसला. नानांनी खिशात हात घातला, मोजून तीन आणे काढले आणि माझ्या हातावर ठेवले. मग ते दाराकडे वळले.

"पान राहिलं," आई म्हणाली.

ते थांबले. त्यांना कळेना. आयुष्यभरात आपलं उष्टं त्यांनी कधी उचललेलं नव्हतं. ते ताटावरून उठत आणि ताट आपोआप नाहीसं होई. आईने शेजारच्या माणसाकडे हात केला, जो आपलं पान दुमडून परसाकडे निघाला होता.

"इथे ज्याचं त्याने उचलायचं."

नाना वाकले. कोटाची बाही सांभाळत त्यांनी पान दुमडलं, नीट जमेना तेव्हा पुन्हा दुमडलं, दोन्ही हातांनी उचललं, आणि त्या अनोळखी माणसाच्या मागोमाग, ओळीतून वाट काढत, परसातल्या म्हातारीच्या गाईकडे घेऊन गेले. आई तोपर्यंत ती जागा सारवून, पुढच्या माणसासाठी नवं पान मांडत होती.